छडी नको, चांदणीही नको : ताराबाई मोडक आणि आपली मुले

गेल्या पावसाळ्यात सांडोरला आम्ही काही तरुणांनी मिळून संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. एका घराची ओटी मिळाली, दोन सतरंज्या मिळाल्या, आसपासची पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले जमली. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. नुसत्या तसबिरींनी मुले शांत बसत नाहीत, हे पहिल्या आठवड्यातच कळले. मारायचे नाही, हे आमचे आधीपासून ठरलेले होते. मग आमच्यातल्या एकाने मोबाईलवर पाहून तक्ता तयार केला. शांत बसले की नावापुढे चांदणी, गृहपाठ केला की चांदणी, महिन्याअखेरीस सर्वांत जास्त चांदण्या ज्याच्या त्याला कंपासपेटी. पंधरा दिवस वर्ग कसा आमच्या मुठीत आल्यासारखा वाटला.

तिसऱ्या आठवड्यात दुसरीतला एक मुलगा यायचा बंद झाला. त्याच्या नावापुढे एकही चांदणी नव्हती. इतरांच्या चपला ओटीखाली फेकायचा, मध्येच उठून पळायचा. मस्तीखोर म्हणून आम्ही त्याला मनातून सोडूनच दिले होते. घरी गेलो तेव्हा कळले की त्याची आई संध्याकाळी इमारतींतली धुणीभांडी करायला जाते आणि दीड-दोन वर्षांची बहीण त्याच्याकडे असते. वर्गाला येताना तिला तो शेजारी ठेवून यायचा. मध्येच उठून पळायचा तो तिला पाहायला. आणि तक्त्यावर आपले नाव कोरेच राहणार, हे त्याला आमच्या आधी कळले होते.

आम्ही त्याला बोटही लावले नव्हते. तरी वीस मुलांसमोर रोज त्याला शिक्षा होत होती, आणि ती आम्हीच भिंतीवर टांगली होती.

चळवळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला हे सांगितले. त्यांनी आम्हाला ताराबाई मोडकांचे चरित्र वाचायला सांगितले. खरे सांगायचे तर घोलवडचा चिकू आम्हाला ठाऊक होता, पण त्याच घोलवडशेजारच्या बोर्डीला आणि कोसबाडच्या टेकडीवर काय घडले ते ठाऊक नव्हते. विरारहून डहाणूला लोकल जाते. म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यातली ही गोष्ट आहे, आणि वसईतल्या आपल्या कार्यकर्त्यांना ती माहीत असायला हवी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. बाबासाहेबांपेक्षा त्या एक वर्ष आणि पाच दिवसांनी लहान. दोघेही मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. बाबासाहेब १९१२ मध्ये बी. ए. झाले, ताराबाई १९१४ मध्ये. पण या दोघांच्या शाळेत जाण्याच्या वाटा किती वेगळ्या होत्या! साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शाळा सुटली की तेच परत आणावे लागे, कारण शाळेचा झाडूवाला नोकरही त्याला हात लावायला तयार नसे. पाणी प्यायचे तर शिपायाने नळ सोडायला हवा. शिपाई नाही तर पाणी नाही. ताराबाईंच्या वाट्याला असले काही आले नाही. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे, आई उमाबाई विधवा असताना त्यांनी हा विवाह केलेला. त्या काळात असे लग्न करणाऱ्या घरालाही जातभाईंचे टोमणे खावे लागत, तेवढी झळ त्या घराला होती. पण शाळेचे दार उघडे होते. हा फरक आम्ही आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ताराबाईंनी जे केले त्याचे मोल आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथून कळतात.

अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगी झाली. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी घेऊन, नवऱ्यापासून वेगळे होऊन स्वतःच्या कमाईवर उभे राहणे किती बायकांना जमले असेल? ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची, सुरक्षित जागा होती. ती त्यांनी दोनेक वर्षांतच सोडली.

कारण होते भावनगर. तिथे नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थाने वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. भरघोस मिशांच्या या माणसाला गुजरातेत लोक मिशीवाली आई म्हणत. मुलगी मोठी होत होती, तिला नेहमीच्या शाळेत घालायला ताराबाईंचे मन होत नव्हते. १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या आणि पुढची नऊ वर्षे तिथेच राहिल्या.

आता या बालमंदिरात काय चाले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गिजुभाई आणि ताराबाई दोघांनी मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंची पद्धत अभ्यासली होती. माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या मजूर वस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर धुडगूस घालणारी, भिंती खराब करणारी ती मुले होती. सुरुवातीला तिथेही बक्षिसे आणि शिक्षा होत्याच. एकदा माँटेसरींनी पाहिले की चांगले वागल्याबद्दल एका मुलाच्या छातीवर चांदीचे पदक लावले आहे आणि दुसऱ्या एका मुलाला शिक्षा म्हणून खोलीच्या मध्यभागी खुर्चीत बसवले आहे. पदकवाला मुलगा आपल्या कामात इतका गुंग होता की ते पदक त्याच्या हालचालींच्या आड येत होते. त्याने ते काढून शिक्षा झालेल्या मुलाला देऊन टाकले. त्या मुलाने ते इकडून तिकडून पाहिले आणि स्वस्थ बसून राहिला. ना एकाला बक्षिसाचे कौतुक, ना दुसऱ्याला शिक्षेची लाज. माँटेसरींनी त्यानंतर दोन्ही गोष्टी हळूहळू बंदच करून टाकल्या.

मग शिस्त कुठून येते? आमच्यासारख्या ओटीवर वर्ग घेणाऱ्यांना पडणारा हा खरा प्रश्न आहे. बालमंदिरातली शिस्त कामातून येई. मुलाच्या हाताला पोहोचतील अशी बुटकी फळी, तिच्यावर मांडलेले साहित्य. मूल आपल्याला हवे ते उचलते, आसन पसरून त्यावर मांडते, पुरे होईपर्यंत करते आणि होते तिथे परत ठेवते. एका प्रकारचे साहित्य एकच, त्यामुळे दुसऱ्याला हवे असेल तर थांबावे लागते. वाट पाहणे, वस्तू जपून हाताळणे, दुसऱ्याच्या आसनावर पाय न देणे हे सगळे उपदेशाविना अंगवळणी पडते. ज्या मुलाच्या हाताला काम आहे ते दंगा करायला मोकळे कुठे असते? दंगा करणारे मूल दिसले की शिक्षकाने पहिल्यांदा मुलाकडे नव्हे, आपल्या मांडणीकडे पाहायचे. काम फार सोपे आहे का, फार अवघड आहे का, बसायची जागा अडचणीची आहे का, मूल उपाशी आहे का.

आणि एक खेळ होता शांततेचा. बाई सगळ्यांना डोळे मिटून अगदी निश्चल बसायला सांगतात. घड्याळाची टिकटिक, बाहेरचा पक्षी, आपलाच श्वास ऐकू येऊ लागतो. मग बाई दुसऱ्या खोलीतून अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेतात, आणि ज्याचे नाव ऐकू आले ते मूल आवाज न करता उठून त्यांच्याकडे जाते. आपल्याकडे आनापानसती करणाऱ्यांना यात ओळखीचे काही वाटेल. फरक इतकाच की बालमंदिरात हा खेळ होता. तो साधला नाही म्हणून कोणी कोणाला रागावत नसे. ओरडून गप्प बसवलेला वर्ग आणि आपण होऊन शांत झालेला वर्ग, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. आतून त्यांचा काही संबंध नसतो.

इथे एक आडवळण घेतो. आमच्या सांडोरपासून सोपारा हाकेच्या अंतरावर आहे. सोपाऱ्याचा पूर्ण आपल्याला ठाऊक आहे. सुनापरांताच्या तापट लोकांत धम्म घेऊन जायला तो निघाला तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले की ते शिव्या देतील, मारतील, मग काय करशील. प्रत्येक वेळी पूर्णाने त्या लोकांनी याहून वाईट केले नाही एवढे चांगुलपण त्यांच्यात शोधले. आपण ही कथा भिक्खूंच्या सहनशीलतेची म्हणून सांगतो. आम्हाला आता वाटते की ती पहिलीच्या वर्गात शिरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने शिरण्याआधी आठवावी. सात वर्षांचे पोर उलटून बोलले तर आपला हात आधी का उठतो? ताराबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा मोठा भाग याच गोष्टीचा होता : मुलाला बदलण्याआधी मोठ्या माणसाने आपला राग, आपली घाई आणि आपला अहंकार पाहायचा.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघाले, १९३३ पासून मराठीतही. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला, त्याला जोडून शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर आले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि संघाचा सगळा भार त्यांच्यावर पडला. मुंबईत नाव झाले. पण दादरची मुले म्हणजे कारकुनांची, डॉक्टरांची, वकिलांची मुले. माँटेसरींचे साहित्य महाग, शाळेची फी त्याहून महाग. मजुरांच्या मुलांसाठी रोममध्ये सुरू झालेली पद्धत आपल्याकडे येईपर्यंत पैसेवाल्यांची झाली होती. आजही शहरात माँटेसरी हा शब्द पाटीवर दिसला की आपले पालक आधी खिसा चाचपतात. ताराबाईंना हे खुपत होते, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी बिऱ्हाड उचलले.

१९४५ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जुलैत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात वारली आदिवासी हजारोंनी जमले, वेठबिगार करायची नाही असे ठरवले, आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारल्यांचा उठाव पेटला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी अख्खे कुटुंब जमीनदाराकडे राबे, त्याला लग्नगडी म्हणत. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई बोर्डीला आल्या, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढायला. सोबत अनुताई वाघ होत्या, पुण्याच्या हुजूरपागेतल्या शिक्षिका. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या. बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली होती.

या भूमीवर छडीचा अर्थ काय होता ते पाहा. ज्या मुलाचा बाप जमीनदाराच्या चाबकाखाली राबतो, त्याच्यासमोर मास्तर छडी घेऊन उभा राहिला तर मूल त्याला मास्तर कसे मानेल? त्याला तो जमीनदाराचाच माणूस वाटणार. शाळेतून पळणारे वारल्याचे मूल बिघडलेले नव्हते, त्याने शाळा बरोबर ओळखली होती. ताराबाईंनी हे याच शब्दांत मांडले असे आम्ही म्हणत नाही, पण त्यांनी जे केले त्यातून हेच निघते.

बोर्डीत त्यांनी मध्यवर्ती बालवाडी उघडली. गावातली मुले आली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येत नव्हती. येणार कशी? अंतर, लाज, अंगावर धड कपडा नाही, धाकटे भावंड कडेवर, आणि गावात आपली जागा कोणती हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले. अशा वेळी सरकारी नोंदीत शेरा पडतो : पालक उदासीन. ताराबाईंनी तो शेरा मारला नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, असे ठरवून शिक्षिका रोज वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात वर्ग भरवू लागल्या. तीच अंगणवाडी. हा शब्द आज देशभर चालतो, तो इथल्या मातीतला आहे.

अंगणातला दिवस सुरू होई तो अंघोळीपासून. विहिरीचे पाणी काढायचे, मुलांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, नखे कापायची. मग गाणे, गोष्ट, आणि साहित्य. माँटेसरींच्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी चिंचोके आले, शिंपले, गोटे, पाने, बिया, माती आली. किनाऱ्यावरच्या गावात शिंपल्यांना तोटा नाही. लहान-मोठे लावणे, मोजणे, रंगांच्या जोड्या जुळवणे, सगळे त्यावर होई. फुकटचे साहित्य म्हणजे हलके साहित्य, असे मात्र नव्हे. क्रम तोच, काळजी तीच, वस्तू जागेवर परत ठेवायची शिस्तही तीच.

अंघोळीच्या या भागाशी आम्ही थोडे अडखळलो, ते सांगितले पाहिजे. सवर्ण घरातून आलेली बाई दलित मुलाला स्वच्छ करते, यात एक वरून खाली येणारा हात आहे. त्या काळी त्या वस्तीला लावला जाणारा हरिजन हा शब्दही केंद्राच्या कामात होताच; ताराबाई गांधीजींच्या नई तालीमच्या प्रवाहातल्या. बाबासाहेबांना हा शब्द किती अमान्य होता ते आपण जाणतो. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात याच शब्दावरून त्यांच्या पक्षाने सभात्याग केला होता. ताराबाईंनी जातिव्यवस्थेवर बाबासाहेबांसारखा घाव घातला नाही. वस्तीला पाणी का नाही, विहीर कोणाची, जमीन कोणाची, हे प्रश्न बालवाडीच्या अंगणात सुटणारे नव्हते. त्यांच्यासाठी महाडला चालून जावे लागले, झरीला जमावे लागले. १९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या, पण त्यांची खरी ओळख तिथली नाही.

तरीही. ज्या काळात आपल्या मुलाच्या अंगाला स्पर्श होऊ नये म्हणून शिक्षक छडी फेकून मारत, पाटी लांबून तपासत, त्या काळात या दोन बायका रोज वस्तीत जाऊन मुलांची डोकी मांडीवर घेऊन उवा काढत होत्या. साताऱ्याच्या शाळेतल्या त्या गोणपाटाशेजारी हे ठेवून पाहिले की त्याचे वजन कळते. आम्ही या वादावर एका रविवारी दोन तास भांडलो, आणि एकमत झाले नाही. दोन्ही बाजू इथे मांडल्या आहेत.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. इथे सगळी वस्ती वारल्यांची. आणि आम्हाला सर्वांत जास्त शिकवून गेले ते इथलेच काम.

पाड्यावरची सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर वर्षाचे भावंड आहे. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात शेजारी-शेजारी ठेवली. मुलगी धाकट्याला घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि आपण वर्गात बसे. मध्येच उठून पाहून यावेसे वाटले तर पाळणाघर चार पावलांवर. हजेरीचा प्रश्न सुटला, वर्गातली चलबिचल थांबली, आणि यासाठी कोणालाही रागवावे लागले नाही की बक्षीस द्यावे लागले नाही. हे वाचताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचा मस्तीखोर मुलगा मध्येच उठून कुठे पळत होता ते आठवले.

मग गुराखी मुले. ती दिवसभर गुरांमागे. त्यांना शाळेच्या वेळेत बसवायचे म्हणजे घरची भाकरी बुडवायची. म्हणून कुरणशाळा निघाली. जिथे गुरे चरतात तिथेच शिक्षक साहित्याची पिशवी घेऊन जाई. झाडाखाली वर्ग भरे. गुरे पुढे सरकली की वर्गही सरके. एकाने गुरांवर लक्ष ठेवायचे, बाकीच्यांनी शिकायचे, मग पाळी बदलायची. पाने, दगड, पक्ष्यांची पिसे हेच गणिताचे आणि निसर्गाचे पुस्तक. दिवसा अजिबात सवड नसलेल्यांसाठी रात्रीची शाळा. शाळेच्या वेळेप्रमाणे मुलाने वागावे, हा आपला हट्ट असतो. इथे मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळा वागली.

आजच्या भाषेत याला वर्तन-व्यवस्थापन म्हणतात. सकारात्मक हा शब्द पुढे जोडून त्याची शिबिरे होतात, ॲप निघाली आहेत, त्यात मुलाच्या नावापुढे गुण वाढतात आणि कमी होतात आणि ते घरी पालकांच्या मोबाईलवर दिसतात. छडीपेक्षा हे बरे, यात वाद नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना बंदी घातली आहे. आपले कार्यकर्ते पहिल्या भागासाठी तक्रार करतात, ती केलीच पाहिजे. दुसऱ्या भागाकडे आपले लक्ष जात नाही. सगळ्यांसमोर नाव घेऊन मागच्या बाकावर बसवणे, हुशार आणि ढ अशा रांगा करणे, शिष्यवृत्तीवाले उभे राहा असे वर्गात पुकारणे, हे मानसिक छळात येते की नाही? ज्याच्या घरी अभ्यासाला जागा आहे, विचारणारे कोणी आहे, त्याच्याच नावापुढे चांदण्या वाढतात. तक्ता सगळ्यांना सारखा दिसतो, पण तो सारख्या मुलांवर टांगलेला नसतो.

याच कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असा दंडक घातला आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी प्रत्येकाच्या घरचे कारण शोधावे, अशी अपेक्षा करणे त्यांच्यावरही अन्याय आहे. कोसबाडला काम झाले कारण वर्ग लहान होते आणि शिक्षिका पाड्यावर जात होत्या. आमच्याकडे वीस-बावीस मुले आणि आम्ही सहा जण. आम्हाला तर सबबच नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज आपल्या प्रत्येक वस्तीत ती आहे. तिथली सेविका आणि मदतनीस तुटपुंज्या मानधनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करत आहेत. त्यांत आपल्या समाजातल्या कितीतरी बहिणी आहेत. ज्या कामातून हा शब्द जन्मला, त्या कामाची किंमत सरकारने अशी केली. अनुताई ताराबाईंच्या मागे एकोणीस वर्षे कोसबाडलाच राबल्या आणि २७ सप्टेंबर १९९२ ला गेल्या.

सांडोरला आम्ही तक्ता काढला. भिंतीवर चार खिळे तेवढे राहिले आहेत. कंपासपेटी सगळ्यांची म्हणून मध्ये ठेवली. ज्याला हवी त्याने घ्यायची आणि परत ठेवायची. पहिल्या आठवड्यात तिच्यातला कर्कटक हरवला, दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी न सांगता आणून ठेवला. काही पालक नाराज आहेत. बक्षीस नाही तर मुले अभ्यास का करतील, असे ते विचारतात, आणि त्यांना पटेल असे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही. दोघांनी मुले काढून शिकवणीला घातली.

तो दुसरीतला मुलगा परत आला आहे. सोबत बहिणीला घेऊन येतो. ओटीच्या कोपऱ्यात तिच्यासाठी एक चादर अंथरली आहे, समोर शिंपल्यांची टोपली. लहान वस्तू ती तोंडात घालेल म्हणून मुठीत मावणार नाहीत असे मोठेच शिंपले ठेवले आहेत. आमच्यातली एक जण रोज पाळीने तिच्याजवळ बसते. मुलगा अजून मध्येच उठतो, कोपऱ्यात जाऊन येतो आणि पुन्हा आपल्या वहीशी बसतो. चपला अजून कधीकधी ओटीखाली सापडतात.